थोरलीचा रुपया

१

पहिला पेला पडला तो नाणं गळ्यातून काढण्याच्या आधी, की नंतर? दिनकररावांना हे नक्की आठवत नाही. इतकी वर्षं झाली, पण या एकाच जागी त्यांचं मन अडून बसलेलं आहे. कधी वाटतं, आदल्या दिवशीच पडला होता, कारण त्या दिवशी शनिवारचा बाजार होता आणि भाजीची पिशवी अजून ओट्यावर होती. कधी वाटतं, छे, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर स्टीलचा पेला खणखणत गेला तेव्हा रुपया आपल्या तळहातावर होता आणि नर्मदाबाईंच्या अंगाची ऊब त्यात अजून होती.

आधी पडला असेल, तर जे झालं ते वयानं झालं. नंतर पडला असेल, तर पुढचं वाक्य दिनकरराव मनातल्या मनातसुद्धा पुरं करत नाहीत.

परभणीच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं. १९८७ साली त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी नांदेडला दिलेली. घरात ते आणि नर्मदाबाई, दोघंच. पुढं बैठक, मध्ये एक उत्तरेच्या खिडकीची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि तिथून तीन पायऱ्या उतरून अंगणातला पाण्याचा हौद. घर एवढंच.

माणूस विद्वान, पण स्वभाव असा की स्वतःच्या सहीवरही त्यांचा भरवसा नसे. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे. ही खोड जुनीच. तरुणपणी हैदराबादला एका उन्हाळी वर्गात विमानातून काढलेले फोटो अभ्यासाला होते, येलदरीच्या धरणाच्या जागेचे. एकाच जमिनीचे दोन फोटो, थोड्या अंतरानं काढलेले. ते शेजारी शेजारी ठेवून दोन भिंगांच्या चौकटीतून पाहायचं, म्हणजे डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा, आणि मेंदू दोन्ही जोडून टेकड्या उभ्या करतो. गुरुजी एकेकाला विचारत, "डोंगर वर आला का?" सगळे म्हणाले, "आला सर." दिनकररावांना करड्या कागदावर करड्या रेघा दिसत होत्या. तेही म्हणाले, "आला सर."

पुढं त्यांनी मनाची समजूत घातली, की लोक थोडं वाढवूनच बोलतात. आपल्याला दिसतं तेवढंच सगळ्यांना दिसत असणार.

२

निवृत्तीनंतर हा दुहेरी फोटोंचा नाद त्यांनी आपल्या संग्रहातल्या जुन्या नाण्यांसाठी उपयोगात आणला. नाण्याचा साधा फोटो फसवा असतो. ठसा किती उठावाचा आहे, झीज किती, हे त्यात कळत नाही. दुहेरी फोटोत कळतं. सागवानी पट्टीवर खाच पाडून त्यांनी कॅमेरा सरकवायची सोय केली होती. काळ्या मखमलीवर नाणं, खिडकीतून सकाळी अकराचा उजेड, एक फोटो, मग कॅमेरा मोजून उजवीकडं सरकवायचा आणि दुसरा फोटो. मध्ये नाण्यानं हलायचं नाही, उजेडानं बदलायचं नाही, फोटो काढणाऱ्यानं जोरात श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मग दोन्ही फोटो एका जाड पुठ्ठ्यावर शेजारी डकवायचे. मागं पेन्सिलीनं 'डावा', 'उजवा'.

असे पुठ्ठे जमवणारी सात माणसं होती, सात गावांतली. एक लाकडी पेटी त्यांच्यामध्ये रजिस्टर टपालानं फिरायची. पेटी आली की इतरांचे पुठ्ठे भिंगातून पाहायचे, प्रत्येकाबरोबरच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या, आपले नवे पुठ्ठे घालून पेटी पुढं पाठवायची. नाणी कुणाची हलत नसत, पण सातही घरांत प्रत्येक नाणं हातात घेतल्यासारखं दिसे. दिनकररावांना ते इतरांच्या चिठ्ठ्यांवरून माहीत होतं.

फोटो धुऊन द्यायचा तो रंगनाथ. स्टेशन रोडला त्याचा स्टुडिओ. एके काळी कॉलेजात त्यांचाच विद्यार्थी. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून जाळपोळ झाली त्यात त्याचं गावातलं घर गेलं, आणि घरातला एकुलता एक अल्बमही. बापाचा एक फोटो उरला नाही. तेव्हापासून रंगनाथ कुणालाही निगेटिव्ह परत देत नसे. "फोटो घेऊन जा, निगेटिव्ह माझ्यापाशी. जळलं-बुडलं तर पुन्ना काढता येतंय," असं तो लग्नाच्या वऱ्हाडालाही सांगायचा आणि भांडण ओढवून घ्यायचा.

भिंगाला डोळे लावले की तो मात्र लहान पोरासारखा व्हायचा. "आगागागा! सर, चारमिनार नाकाला लागायलाय की! मिनार चिमटीत धरावा वाटायलाय."

निजामाच्या राज्यातला हाली रुपया तो, चारमिनारच्या ठशाचा. एकदा रंगनाथनं डावं-उजवं उलटं डकवलं तर ठसा वर येण्याऐवजी खाली गेला. "सर, चारमिनाराची विहीर झाली बगा!" म्हणून तो हसत सुटला होता. दिनकररावांनी पाहिलं. दोन्हीत त्यांना सारखंच दिसलं. ते म्हणाले, "हो, खरंच की."

त्या दिवाळीनंतर जालन्याच्या तात्यारावांची चिठ्ठी पेटीतून आली. तात्याराव निवृत्त इंजिनियर, बोलणं सडेतोड. 'दागिन्यात वापरलेली, कडी लावलेली नाणी कुणाकडे आहेत का? अंगावर घासून झीज कशी होते ते उठावात पाहायचे आहे.'

दिनकररावांच्या घरात असं एकच नाणं होतं. ते संग्रहात नव्हतं. नर्मदाबाईंच्या गळ्यात होतं.

३

नर्मदाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"जरा द्या बरं," दिनकरराव म्हणाले.

"काय?"

"थोरलीचा रुपया. पंधरा मिनिटं. फोटो काढतो अन् देतो."

अर्धी सोललेली शेंग हातातच राहिली. "आवो, असं काय मागायलाव? हे काढायचं नस्तंय."

थोरली म्हणजे तानुबाई. दिनकररावांचं पहिलं लग्न तिच्याशी झालं होतं. पालमकडच्या त्यांच्या गावात, चव्वेचाळीस साली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत ते हैदराबादला शिकत असताना तानुबाई तापानं गेली. रस्ते बंद होते. त्यांना कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. पुढच्या वर्षी नर्मदाबाई आल्या, आणि रीतीप्रमाणे सासूनं त्यांच्या गळ्यात गेलेल्या सवतीचा टाक घालायचं ठरवलं. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठसा. टाक घडवणारा सोनार मिळेना म्हणून सासूनं तानुबाईच्याच पेटीतल्या हाली रुपयाला कडी लावून घेतली. नवं लुगडं आलं की आधी त्याला दाखवायचं, सणाला हळदकुंकू आधी त्याला. अडतीस वर्षं तो रुपया नर्मदाबाईंच्या काळ्या दोऱ्यात होता. चारमिनार बाहेरच्या अंगाला शाबूत होता. आतली बाजू छातीवर घासून काचेसारखी झाली होती.

"सासूबाई काय म्हन्ल्या व्हत्या ध्यानात हाय का? म्हन्ल्या, तिची जागा तुला दिली हाय, तिला गळ्यात तरी जागा ऱ्हाऊ दे."

"म्हणजे काढला की ती जागा परत मागणार?"

"हसा. शिकलेले लोक हसतेतच." मग त्याही हसल्या. "मला कामून इचारायलाव? थोरलीला इचारा. मालकीन ती हाय."

दिनकररावांनी खाली वाकून रुपयाला गंभीरपणे विचारलं, "काय हो, चालेल का?"

"लय पोरकट झालाव तुमी म्हातारपनी." त्यांनी मानेमागची गाठ सोडून दोरा काढला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. गळ्यावर रुपयाएवढी गोल गोरी जागा राहिली. त्यांनी ती पदरानं झाकली. "लौकर द्या. उघडं पडल्यावानी वाटायलंय."

मधल्या खोलीत त्यांनी चार फोटो घेतले. चारमिनारच्या बाजूचे दोन, घासलेल्या बाजूचे दोन. मागून पेल्याचा आवाज आला. किंवा आदल्या दिवशी आला होता. बारा मिनिटांत रुपया परत गळ्यात गेला.

"गार पडलाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "किती गार पडलाय."

४

"चारमिनार झकास," रंगनाथ भिंगातून बघत म्हणाला. "पन ही मागची बाजू पाटी हाय सर. बिलकुल सपाट. कॅमेरा सरकवला का तुमी?"

"सरकवला. वाटतं तरी."

घरी येऊन त्यांनी पुठ्ठा भिंगाखाली ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. त्यांनी सवयीनं डोळे लावले, कागद दिसेल म्हणून.

कागद दिसला नाही.

गुळगुळीत चांदी वर आली होती. पांघरुणाखाली कुणी निजलेलं असावं तसा उंचवटा. त्याला गोलाई होती. त्याच्या अलीकडं रिकामी जागा होती आणि पलीकडंही होती, आणि मखमल पार खाली, खोल. दिनकररावांनी नकळत बोट पुढं नेलं, ते भिंगाच्या कडेला आपटलं.

ते मागं सरले. भीतीनं नाही, आनंदानं. साठी उलटल्यावर! म्हणजे हे असं असतं. हैदराबादच्या त्या वर्गात सगळे खरं बोलत होते.

लगेच शंका आली. आपण उलटं डकवलं असेल, खोलगट भाग फुगीर दिसत असेल. त्यांनी मागं पाहिलं, 'डावा' डावीकडं होता. तरी फोटो सोडवून मुद्दाम उलटे ठेवले. आता ते आत जायला हवं होतं, विहिरीसारखं.

ते वरच होतं. उलट थोडं जवळ आलं होतं.

त्यांनी धडाधड संग्रहातले दुसरे पुठ्ठे काढले. सातवाहनांचं नाणं, शिवराई, रंगनाथचा लाडका चारमिनार. सगळे कागद. करड्यावर करडं. फक्त हाच एक उठत होता.

५

नर्मदाबाईंच्या हातून वस्तू पडू लागल्या. हे मात्र नंतरचंच, याबद्दल दिनकररावांना शंका नाही.

चहाची बशी त्या टेबलाच्या चार बोटं अलीकडंच सोडून देत. भाकरी तव्याच्या कडेवर पडे, निम्मी विस्तवात. समईत तेल घालायचं तर ते खाली पाटावर. दाराची कडी धरायला हात जाई तो हवेतच मिटे. स्वयंपाकघरातून खण्ण आवाज आला की दिनकरराव मनात मोजायचे. आज तिसरा. आज पाचवा.

"दिसतं ना नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय की. समदं दिसतंय." त्या थांबल्या. "पन क्यालेंडरवरल्या चित्रावानी दिसतंय. तुमी अन् भीत एकाच कागदावर. तुमी म्होरं हाव का भीत म्होरं हाय, त्ये कळंना."

डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही. वय झालं, म्हणाले, आणि थेंब लिहून दिले. दिनकररावांना बरं वाटलं. वय हे कारण त्यांना पटण्यासारखं होतं.

पेटी फिरून परत आली. मध्ये दोनदा बंद झाला होता, एस.टी. थांबल्या होत्या, म्हणून उशीर. घासलेल्या रुपयाच्या चिठ्ठीवर सहा जणांनी लिहिलं होतं आणि सहाही जणांचं मत एक. तात्यारावांचं अक्षर सगळ्यात ठसठशीत: 'मागील बाजू पूर्ण सपाट. पुन्हा घ्यावी.'

पुन्हा घ्यावी. दिनकररावांना कारण मिळालं. कारण नसतं मिळालं तर त्यांनी मागितला नसता का? यावरही ते पुष्कळदा विचार करतात आणि उत्तर बदलत राहतं. रात्रंदिवस त्यांच्या मनात तो उंचवटा होता. पांघरुणाखाली कोण आहे ते बघायचं होतं.

नर्मदाबाईंनी या वेळी लगेच हात मानेमागं नेले. दोरा काढताना त्यांना गाठ सापडेना. बोटं गाठीच्या शेजारून फिरत राहिली. शेवटी दिनकररावांनीच तो काढला.

६

दुसऱ्या पुठ्ठ्यात पांघरूण नव्हतं.

पाठमोरं डोकं होतं. सैल बांधलेला, घसरत आलेला अंबाडा. मानेची खळगी. चुलीपुढं वाकलेल्या बाईचं दिसतं तसं. दिनकररावांना तानुबाईचा चेहरा आठवत नसे. ही त्यांची जुनी लाज. चार वर्षांचं लग्न, त्यातली निम्मी परगावी, आणि त्या काळी थोरांच्या देखत नवऱ्यानं बायकोकडं बघायची पद्धत नव्हती. तिचा एकही फोटो नाही. आठवायची ती पाठ, आणि ही मान.

डोकं जरासं वळलेलं होतं. डावा कान दिसत होता. पाळी चिरलेली, चिरून जुळलेली.

त्यांनी पुठ्ठा पालथा ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन शक्य तितक्या सहज विचारलं, "तानूच्या कानाची पाळी फाटलेली होती का हो?"

"तुमाला ठावं की मला?" नर्मदाबाई पिठात पाणी ओतत होत्या. धार परातीच्या बाहेर पडत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. "सासूबाई सांगायच्या. वासराच्या दाव्यात बाळी अडकली अन् पाळी फाटली म्हनं."

हे आपल्यालाही माहीत असणार, दिनकररावांनी स्वतःला बजावलं. कुठं तरी आत असणार, ते आपण नाण्यावर बघतो. मन असं करतं. ढगात हत्ती दिसतो, तसं.

"दिसती का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"कोण?"

"थोरली." धार थांबली. "मला ती दिसत न्हाई, पन तुमचं बगनं दिसतंय. सकाळ-दुपार त्या भिंगाला चिकटून. इतकं निरखून तुमी मला कदी बगितलं न्हाई."

दिनकररावांनी वाकून परातीबाहेरचं पाणी पुसलं. त्या म्हणाल्या, "ह्यापरीस एक करा. आता रुपया काढू नगा. माझ्या गळ्यात असू द्या अन् माझाच फोटो घ्या. दोघी संगंच निघू. बगा मंग कोन दिसती ते."

आवाजात थट्टा होती. नंतर दिनकररावांना वाटलं, ती थट्टा नव्हती. ती विनंती होती.

त्यांनी खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढं ठेवली. भिंतीवर खुंटी, खुंटीला बाजाराची पिशवी. नर्मदाबाईंना खुर्चीत नीट बसवावं लागलं, कारण त्या खुर्चीच्या अलीकडंच बसायला निघाल्या होत्या. नवं इरकली लुगडं नेसल्या होत्या. नेसण्याआधी त्यांनी ते रुपयाला दाखवलं होतं.

"हलायचं नाही हं."

"कुठं जायला जागा हाय?" नर्मदाबाई म्हणाल्या.

७

हा पुठ्ठा रंगनाथ स्वतः घेऊन आला. भर दुपारी, स्टुडिओ बंद करून. नर्मदाबाई मागं अंगणात होत्या. हौदावर तांब्या घासण्याचा आवाज येत होता.

"वैनीला काय झालंय का सर?"

"का?"

"म्या बगितलं ह्येच्यात." त्यानं पुठ्ठा पालथा धरला होता. "खुर्ची उठून दिसायली. भीत मागं गेलीया. खुटीवरली पिशवी तर अशी लोंबायली की हात घालावा. पन वैनी कातरीनं कापून भितीवर डकवल्यावानी. अन् रुपया…"

"रुपया काय?"

"त्यो म्होरं हाय. लय म्होरं, खुर्चीत. तिथं गळाच न्हाई सर."

दिनकररावांनी चष्मा पुसला. "ती हलली असेल, रंगनाथ. दोन फोटोंच्या मध्ये माणूस इकडंतिकडं झालं तर भलत्याच अंतरावर दिसतं. भूमितीच आहे ती."

"मला बी तेवढं कळतंय. तुमीच शिकवलंत." रंगनाथ हळू बोलत होता. "वैनी हलल्या तर त्यांच्या गळ्यातला रुपया बी हलाय पायजे ना. रुपया हलला न्हाई सर. मंग त्यो कुनाच्या गळ्यात हाय?"

त्यानं खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यात निगेटिव्ह होती.

"ही तू ठेवतोस ना?"

"ही न्हाई ठिवत," रंगनाथ म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

दिनकररावांनी पुठ्ठा भिंगाखाली सरकवला. बघायचा नाही, असं ठरवून सरकवला. मग वाटलं, एकदा तपासून तरी पाहू. डोळे लावले.

खोली खोल झाली. भिंत दूर गेली आणि त्या भिंतीत, कागदासारख्या, नर्मदाबाई बसल्या होत्या. हात मांडीवर. तोंडावर जरा हसू. त्यांच्या पुढं रिकामी खुर्ची, चारी पायांनिशी. आणि खुर्चीच्या वर, बसलेल्या माणसाचा गळा जिथं यावा तिथं, रुपया लोंबत होता. दोरा वर गेला होता. तो कशाला तरी वळसा घालून गेला होता. त्या वळशात नुसती हवा नव्हती. तिथला उजेड जाड होता.

"आवो," मागून हाक आली. "जरा हात द्या. पायरी कळंना."

"आलो," दिनकरराव म्हणाले.

त्या जाड उजेडात अंबाडा होता. मान होती. चिरलेली पाळी होती, आणि ती आता अर्धी पलीकडं गेली होती, म्हणजे डोकं वळत होतं. फोटोत काही वळत नसतं. फोटो स्थिर असतो. त्यांनी परीक्षेसाठी डावा डोळा मिटला. सगळं कागद झालं. तो उघडून उजवा मिटला. एका डोळ्याला उठाव दिसत नाही, हे ते वर्गात एकतीस वर्षं सांगत आले होते. त्यामुळं आता काहीच दिसायला नको होतं.

नुसत्या डाव्या डोळ्याला सगळ्यात स्वच्छ दिसत होतं. गालाची कड उजळत होती.

"आवो, ऐकायलाव का?"

"आलो, आलो." आणखी एकच क्षण. चेहरा पुरता यायचा होता.

तांब्या पडला. पहिल्या पायरीवर, दुसऱ्या, तिसऱ्या. मग घरंगळत हौदाच्या कडेला लागून थांबला. त्यामागून दुसरा आवाज आला, तो भांड्याचा नव्हता.

८

नर्मदाबाई अकरा दिवस होत्या. डोक्याला मार होता. मधून मधून शुद्ध यायची. नवव्या दिवशी त्यांनी हात पुढं केला, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तो हात न चुकता नेमका दिनकररावांच्या मनगटावर पडला.

"आलो म्हन्लात की तुमी," त्या म्हणाल्या. रागानं नाही. विचारल्यासारखं.

त्या गेल्यावर रीतीप्रमाणे रुपया अस्थींबरोबर गंगाखेडला गोदावरीत सोडला. सोडण्यापूर्वी दिनकररावांनी त्याच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवून पाहिला. काचेसारखी गुळगुळीत होती. त्या रुपयाचे पुठ्ठे आणि निगेटिव्ह हौदाजवळ जाळली. संग्रहातले बाकीचे पुठ्ठे त्यांनी पुढं कितीदा तरी भिंगाखाली धरले. करड्यावर करडं. पेटीतून त्यांनी नाव काढून घेतलं आणि तात्यारावांना लिहिलं, 'माझ्या निरीक्षणावर माझा विश्वास राहिलेला नाही.' तात्यारावांनी समजूतदारपणे उत्तर पाठवलं, की पत्नी गेल्यावर असं वाटतं.

१९९४ च्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. रंगनाथ पेढे घेऊन आला. गालात पेढा ठेवूनच म्हणाला, "सर, किती वर्सं ह्यो चष्मा? काच घासून पाटी झाली. चला, नवी डॉक्टरीन आलीया, लय बारकाईनं बगती." त्यानं आपल्या लुनावर बसवून त्यांना नेलं.

डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं अक्षरं वाचून घेतली. एकेक डोळा झाकून दिवे दाखवले. मग त्यांच्या नाकावर एक काळसर चष्मा चढवला आणि पुढं एका मोठ्या माशीचं चित्र धरलं.

"आजोबा, माशीचे पंख चिमटीत धरा बरं."

दिनकररावांनी चिमूट कागदावर टेकवली.

"पंख वर आलेले दिसत नाहीत? हवेत?"

ते या वेळी खरं बोलले. "नाही."

तिनं पुन्हा डावा डोळा तपासला, बराच वेळ. "हा डोळा जन्मापासूनच मंद आहे. पुढं धरलेली बोटं मोजता येतात, तेवढंच. तुम्हाला कुणी कधी सांगितलं नाही? आयुष्यभर तुम्ही उजव्या डोळ्यानंच बघत आलात."

सूक्ष्मदर्शकाला आपण नेहमी उजवाच डोळा लावायचो, हे दिनकररावांना आठवलं. सवय, असं ते समजत होते.

"पण मधे कधी तरी दिसलं असेल?" त्यांनी विचारलं. "दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतं तसं. थोडे दिवस. सहा-सात वर्षांपूर्वी?"

"नाही, आजोबा. हे पाच-सहा वर्षांच्या वयातच ठरून जातं. नंतर येत नाही."

त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. स्वतःवरही बसला नाही. पुढच्या आठवड्यात मुलीकडं जाण्याच्या निमित्तानं ते नांदेडला गेले आणि तिथल्या जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरांना डोळे दाखवले. त्यांनीही तेच चित्र पुढं धरलं, तोच डोळा तपासला आणि दिनकररावांच्या आग्रहाखातर निदान कागदावर लिहून दिलं. डावा डोळा जन्मतः मंद. दोन्ही डोळ्यांनी खोली दिसण्याची शक्ती: नाही. आणि त्याखाली, दिनकररावांनी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून, वेगळ्या ओळीत: पूर्वीही कधी नव्हती.